सिस्टरबाईंचं उलटं घड्याळ

आज चैत्र वद्य पंचमी. पहाटे गव्हाचा चीक शिजवला, गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया घातल्या आणि आता त्या वाळेपर्यंत कावळे हाकत बसायचं आहे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात टाक. एका मासिकाच्या संपादकांनी पोलीस खात्यातल्या आठवणी मागितल्या होत्या. मी अधिकारी नव्हते, मेट्रन होते, मला खुनाच्या गोष्टी येत नाहीत, असं मी त्यांना कळवलं. जे येतं ते लिहा, असं उत्तर आलं. तरी काही सुचत नव्हतं. मघाशी शेजारची धाकटी सून जिना उतरताना वर बघून "सी यू लेटर, काकू" म्हणाली आणि दवाखान्यातली ती घड्याळाची केस सगळीच्या सगळी पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. नावं कुणाचीच देत नाही.

माझे यजमान नाशिकला हवालदार होते. ते गेल्यानंतर थोड्याच दिवसांत कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. बायकाही पकडल्या जाऊ लागल्या आणि त्यांची झडती घ्यायला ठाण्यात बाई हवी झाली. मला घेतलं. बायकांची झडती, त्यांच्या जबाबाच्या वेळी शेजारी बसणं, त्यांना कोर्टात नेणं-आणणं, हे माझं काम. पोलीस लाइनीतल्या काही शिपायांच्या बायकांना माझ्या नोकरीचा फार हेवा वाटे. मी नळावर गेले की बोलणं बंद होई. त्यामुळे मत्सर कसा दिसतो, कसा गप्प बसतो आणि कशाकडे टक लावून पाहतो, हे मला ठाण्याच्या बाहेरच शिकायला मिळालं होतं.

ठाण्यात आणखी एक गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात पाहिली. आपल्याकडे माणूस कुठूनही निघताना "येतो" म्हणतो. शेजारच्या घरातून निघो की काशीला निघो, "जातो" म्हणत नाही. पण मयताच्या घरातून आणि पोलीस ठाण्यातून निघताना कोणी "येतो" म्हणत नाही. फिर्यादी असो की साक्षीदार, मुकाट्याने चपला घालायच्या आणि पायऱ्या उतरायच्या.

दवाखाना गावाबाहेर, गंगापूरच्या रस्त्याला होता. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली एक विलायती नर्स होती. तिला सगळे सिस्टरबाई म्हणत. उंच, नाकावर तपकिरी ठिपके, चालणं शिपायासारखं. तिच्या छातीवर पिनेला अडकवलेलं एक चांदीचं घड्याळ उलटं लोंबत असे. नाडी बघताना हात मोकळा राहावा म्हणून नर्सा तसं घड्याळ लावतात; मान खाली घातली की त्यांना ते सरळ दिसतं. सिस्टरबाईंना ते त्यांच्या आईने दिलेलं होतं. एका दुपारी, त्यांनी आडवं पडताना काढून ठेवलेलं ते खोलीतल्या टेबलावरून नाहीसं झालं. गोऱ्या बाईची वस्तू, त्यामुळे वरच्या साहेबांकडून संध्याकाळच्या आत विचारणा आली.

खबर दिली ती कंपाउंडरच्या बायकोने. दवाखान्याच्या मागे नोकरांच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीत हे जोडपं राही. आयाला सिस्टरबाईंच्या खोलीतून पदराआड काहीतरी नेताना मी पाहिलं, असं तिने फौजदारसाहेबांसमोर सांगितलं. आया म्हणजे सिस्टरबाईंची खोली, कपडे, जेवण बघणारी. मुसलमान, पन्नाशीची, विधवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ताब्यात घेऊन ठाण्यात आणलं आणि झडतीसाठी माझ्यापुढे उभं केलं.

झडती देताना बाई कशी उभी राहते यावरून पुष्कळ कळतं. जिने काही लपवलं आहे तिची नजर आपल्या हातामागे फिरते. आया भिंतीकडे बघत उभी होती, सोनाराच्या दुकानात नुसतं सोबत म्हणून आल्यासारखी. अंगावर काही निघालं नाही. तिच्या घरीही पंचांसमोर झडती झाली, तिथेही काही नाही.

"घड्याळ मी रोज पुसत होती, बाई," ती मला म्हणाली. "घ्यायचं असतं तर कधीच घेतलं नसतं का?"

हे म्हणणं बिनतोड होतं, पण जबाबात लिहिण्यासारखं नव्हतं. समोर पाहिल्याचं सांगणारी साक्षीदार होती. उद्या दुपारी आयाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून कोठडी मागायची असं ठरलं. एकदा बाई चोरीच्या आळावरून कोर्टात उभी राहिली की पुढे सुटली काय आणि नाही सुटली काय, कुठल्याच बंगल्यात तिला पुन्हा कोणी घेत नाही. बागवानपुऱ्यात तिची आंधळी सासू होती. तिचं सगळं या एका पगारावर चाले.

फौजदारसाहेब पुण्याकडचे, बी. ए. झालेले, कोरडे पण न्यायी. त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. त्यांनी मला कंपाउंडरच्या बायकोकडे पाठवलं. साक्षीदार बाईला घरात विचारलं तर ती जास्त बोलते, हे त्यांना ठाऊक होतं.

खोली लख्ख होती. नवऱ्याचे सदरे तांब्यात निखारे घालून कडक इस्त्री केलेले, खुंटीवर ओळीने. पोर विशीची असेल, निफाडकडची. तिने चहा टाकला. मी आधी माहेरचं विचारलं, मग घड्याळाचं. सिस्टरबाई ते अंगावर कधी लावतात, कधी काढून ठेवतात, एवढाच माझा प्रश्न होता.

"सदा लावलेलं ऱ्हातं," ती म्हणाली. "सांजच्याला दवाखाना बंद झाला की ती व्हरांड्यात उभी ऱ्हाती. मान खाली घालून घड्याळात बघती. मग आमच्या ह्यांना हात करती आन् म्हणती, सी यू लेटर."

ह्या पोरीला मराठी अक्षरसुद्धा येत नव्हतं. पण ते तीन शब्द तिने म्हटले ते थेट सिस्टरबाईंच्या चालीवर, शेवट वर उचलून. रोज भिंतीआड उभं राहून ऐकल्याशिवाय ती चाल बसत नाही. नळावर माझ्या बोलण्याची नक्कल करणारी एक हवालदारीण होती, तिलाही माझी चाल अशीच पाठ होती.

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"मी तुला नंतर भेटते."

"कोणी सांगितलं?"

"पलीकडच्या मास्तरांनी. शब्दाला शब्द लावून सांगितलं."

"नवऱ्याला विचारायचं."

"इचारलं की. हसले. म्हणाले, तुला नाय कळायचं." तिने पदराने कपाळ पुसलं. "मला नसंल कळत, मावशी. पण नंतर म्हंजी कधी, येवढं तर कोणालाबी इचारावं वाटंल. घड्याळात बघून सांगती म्हंजी येळ ठरलेली आसंल का नाय? आन् हे घरी येत्यात, तोंड धुत्यात, इस्त्रीचा सदरा घालत्यात आन् बाहीर पडत्यात."

एवढं बोलून ती एकदम थांबली आणि माझी कपबशी उचलून मोरीत ठेवायला गेली. कपात अजून चहा होता.

मला जे कळायचं ते कळलं. चोराने घड्याळ नेलं तर विकायला नेतो. ही चोरी विकण्यासाठी नव्हती. ठरलेली वेळ मोडावी म्हणून ज्यात वेळ असते ती वस्तूच उचलली होती. पण मला काय वाटलं याला कोर्टात किंमत नव्हती. मी "येते" म्हटलं, तिने खाली बघत "या" म्हटलं, आणि मी ठाण्यावर परत आले.

फौजदारसाहेबांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, "बाई, ते निघतानाचे शब्द आहेत. त्यात भेट नाही आणि वेळही नाही. इंग्रज माणूस दुकानदारालाही तसं म्हणतो. बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं. आपलं 'येतो' आहे ना, तसंच."

मी म्हटलं, साहेब, हे तुम्ही तिला सांगितलंत तर तिला वाटेल पुरुष पुरुषाला झाकतो आहे. खोलीची झडती घेतली आणि घड्याळ तिथे नसलं, नदीत टाकलेलं असलं, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही आणि आया अडकेल. ते शब्द कसे असतात हे तिला तिच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

त्यांनी आधी कंपाउंडरला बोलावलं. मधोमध भांग, खिशाला पेन, अत्तराचा वास. सिस्टरबाईंशी तुमचं काही आहे का, असं साहेबांनी सरळ विचारलं. साध्या माणसाने कानावर हात ठेवले असते. हा गडी खाली बघून गालात हसला आणि म्हणाला, "आता काय सांगू, साहेब. बाईंची मर्जी आहे, एवढं खरं."

हवालदाराला चौकशीला पाठवलं. तो येऊन सांगू लागला की स्वारी रोज संध्याकाळी रविवार कारंजावर चहाच्या दुकानात बसते आणि आज बाई काय म्हणाली ते चारचौघांना इंग्रजीत ऐकवते. चहावाल्याच्या पोऱ्यालाही "सी यू लेटर" पाठ झालं होतं. बाहेर दोस्तांनी जळावं आणि घरी बायकोने जळावं, यात त्याचा दिवस सुखात जात होता. भेटबीट काही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरबाईंना पुरवणी जबाबावर सही करायला बोलावलं. कंपाउंडरला आणि त्याच्या बायकोला साक्षीदार म्हणून ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. मी बायकोच्या शेजारी बसले. आयाला कोर्टात न्यायची म्हणून तिलाही बाहेर आणून खांबापाशी उभं केलं होतं. यात साहेबांनी कुणाला काही शिकवलं नव्हतं. सिस्टरबाईंना तर असं काही चाललं आहे याचा पत्ताही नव्हता.

सही करून बाई बाहेर आल्या. दारात थांबल्या. सवयीने मान खाली घातली, छातीवर घड्याळ नव्हतं, नुसत्या पिनेची भोकं होती. तिथे क्षणभर बघून त्यांनी मान वर केली आणि फौजदारसाहेबांना म्हणाल्या, "सी यू लेटर." मग मला. मग आयाजवळ थांबल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिलाही तेच म्हणाल्या. मग बाकाकडे वळून कंपाउंडरला, त्याच्या बायकोला, दोघांना एका दमात. पायरीशी आमचा म्हातारा पहारेकरी शिपाई उभा होता, पायाला कायमची सूज, मिशा पांढऱ्या. त्यालाही तसाच हात केला, तशाच वर उचललेल्या आवाजात. आणि टांग्यात बसून गेल्या.

शिपायाने सलाम ठोकला, मग माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, काय म्हणाल्या मडमसाहेब?"

"नंतर भेटते म्हणाल्या."

"मला?" तो विचारात पडला. "सकाळपाळी असली तर ठीक आहे. नाहीतर मी घरी झोपलेला असतो."

साहेब आत वळले, ते हसू दाबायला. मी मात्र पोरीकडे बघत होते. मला वाटलं होतं ती टांग्याकडे बघत असेल. ती नवऱ्याकडे बघत होती. आणि नवरा त्या सुजक्या पायाच्या शिपायाकडे. मी पुष्कळ माणसांची तोंडं शिक्षा ऐकताना पाहिली आहेत, पण इतकं लवकर उतरलेलं तोंड क्वचित पाहिलं. आपल्या खिशात आहे असं समजून मिरवलेली वस्तू रस्त्यावर सगळ्यांना फुकट वाटली जाताना बघावी, तसं ते तोंड होतं. त्या शिपायाचा त्याला हेवा वाटत होता.

पोरीने ते सगळं वाचलं. थोडा वेळ ती बांगड्या फिरवत बसली. मग पाणी मागितलं, प्यायली आणि माझ्याच कानाशी बोलली.

"मावशी, बाजरीच्या पिठात हाय."

जबाब साहेबांच्या खोलीत झाला, मी शेजारी. घड्याळ तिने दुपारी उचललं होतं. टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात तळाशी घातलं होतं. आदल्या रात्री काढून कानाला लावलं तर बंद. घड्याळाला चावी द्यावी लागते हे तिला माहीत नव्हतं. "म्या मारलं नाय, आपसूक बंद पडलं," हे तिने तीनतीनदा सांगितलं. चोरीपेक्षा त्याचीच भीती तिला जास्त वाटत होती. घड्याळ नसलं तर बाईला 'नंतर' कसं कळणार, एवढाच तिचा हिशेब होता.

कंपाउंडरने दारातून आवाज चढवला. अडाणी बाई, नाक कापलंस, वगैरे. साहेबांनी त्याला आत बोलावलं.

"तुम्हाला त्या शब्दांचा अर्थ ठाऊक होता?"

"हो, साहेब."

"बायकोने विचारला तेव्हा सांगितला का नाही?"

साहेबांनी प्रश्न लिहिला आणि उत्तराची जागा कोरी ठेवली.

पंचांसमोर पिठातून घड्याळ काढलं. सिस्टरबाईंना सगळं इंग्रजीत समजावून सांगितलं तेव्हा त्या आधी मोठ्याने हसल्या, मग लाल झाल्या. फुंकरीने पीठ उडवून त्यांनी चावी दिली, कानाला लावलं. घड्याळ चालू झालं. त्यांना फिर्याद पुढे न्यायची नव्हती. साहेबांनी वर बोलून गैरसमजाने झालेली फिर्याद म्हणून कागद मिटवले. आयाला दुपारच्या आत सोडलं. तिने चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून गेली.

कायद्याचं काम संपलं, माझं संपलं नव्हतं. ज्या बाईचं नाव खोटं घेतलं तिच्या गल्लीत अजून तिला चोर म्हणत होते. मी पोरीला सांगितलं, उद्या सकाळी बागवानपुऱ्यात तिच्या दारात जायचं आणि शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात खरं काय ते सांगायचं. मी बरोबर येईन. तिने मान हलवली. पायऱ्या उतरताना वळून म्हणाली, "येते, मावशी." म्हाताऱ्या शिपायाने तिला हटकलं, पोरी, इथून निघताना असं म्हणत नसतात. ती ओठ चावून झपाझप निघून गेली. उद्या येईल याची मला खात्री नव्हती.

कुरडया एका बाजूने वाळल्या, उलटायला हव्यात. म्हणून थोडक्यात लिहिते. या केसने मला एवढं शिकवलं की जबाब घेताना माणूस काय म्हणाला याइतकंच, ते कोणी ऐकलं आणि कोणत्या कोपऱ्यातून ऐकलं, हे विचारायला हवं. बोलणारा विसरून जातो. भिंतीआड उभा असलेला तेच शब्द रोज घासत बसतो. आणि दुसरं म्हणजे, जळणाऱ्या माणसाला जाळत ठेवणारा कोणीतरी बहुधा जवळच असतो. त्याच्यावर कलम लागत नाही, तरी त्याला शोधून समोर बसवावं. निम्मं काम तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरल्या जागी पोचले तर पोर आधीच येऊन उभी होती, डोक्यावरून पदर घेतलेला. आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "गोरी हाय, पण पाय बाप्यासारखे हायेत न्हवं तिचे?"

मी म्हटलं, अजून तेच का. काल बघितलंस ना, तिच्याकडून काही नव्हतं.

"तिच्याकडून नव्हतं," ती म्हणाली. "ह्यांच्याकडून व्हतं. म्या तोंड पाहिलं."

"मनातल्याला कलम नाही," मी म्हटलं. "पाय उचल."

आया दारातच गहू निवडत बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही. आजूबाजूच्या बायका दारांत आल्या. पोरीने हात जोडले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की घड्याळ मी घेतलं होतं, या आयाबाईंनी नाही, मी खोटं बोलले. गल्ली ऐकत होती.

"माझंच नाव का घेतलं?" आयाने सुपातून मान वर न करता विचारलं.

"तुमी रोज तिथं आसता. दोघांस्नी बघता. मला कवाच काय सांगितलं नाय."

आयाने एक खडा काढून बाजूला टाकला. "सांगायला काही असतं तर सांगितलं नसतं का, बेटी?"

तिने आत हाक मारून पाणी मागवलं. आधी मला दिलं, मग तिला. बस म्हणाली नाही. पाणी पिऊन आम्ही वळलो. पोर उंबऱ्याशी घोटाळली. "येते" म्हणायचा तिला हक्क उरला नव्हता आणि न म्हणता निघणं म्हणजे मयताच्या घरातून निघाल्यासारखं झालं असतं.

"ये," आया म्हणाली, गहू पाखडत, तिच्याकडे न बघता.

त्या शब्दात काय होतं ते मी दोघींनाही विचारलं नाही. हजेरीची वेळ झाली होती. पोरीला दवाखान्याच्या रस्त्याला लावून दिलं आणि मी ठाण्यावर गेले.